दृष्टिपटलातील चेतापारेषकांचा निचरा व पुनर्वापर

दृष्टिपटलातील एका पेशीने दुसरीला संदेश देण्यासाठी चेतासंधीत (दोन पेशींमधील सूक्ष्म फटीत) सोडलेली रसायने, म्हणजे चेतापारेषके, तेथून उचलून पुन्हा वापरण्याजोगी करण्याची प्रक्रिया. यांतील प्रमुख रसायन ग्लूटामेट असून प्रस्तुत नोंद मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

बहुतेक चेतापेशी उद्दीपित झाल्या की पारेषक सोडतात. डोळ्यातील दंडपेशी व शंकुपेशींचे उलटे आहे. त्या अंधारात ग्लूटामेट सतत सोडत राहतात आणि प्रकाश पडला की हात आखडता घेतात. मे महिन्यातील दुपारी सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरून यंत्रमागाच्या अंधाऱ्या शेडमध्ये पाऊल टाकले की शंकुपेशींचा स्राव वाढतो. परत उन्हात आले की तो घटतो. (शेडमध्ये शिरल्यावर काही वेळ नीट दिसत नाही, ते मुख्यतः दृष्टिरंजक पुन्हा तयार होण्यास वेळ लागतो म्हणून, त्याचा संबंध या प्रक्रियेशी जोडू नये.) प्रकाशाची वर्दी ग्लूटामेट घटण्यातूनच मिळत असल्याने आधी सोडलेले ग्लूटामेट संधीत रेंगाळले, तर उजेड झाल्याचे पुढच्या द्विध्रुवी पेशीला कळणार नाही. निचऱ्याचे महत्त्व प्रथम यासाठी आहे, साचलेल्या ग्लूटामेटची पेशींना होणारी विषबाधा टाळण्यासाठी नंतर.  

निचरा कोण करते, याविषयी एकमत नाही. पाठ्यपुस्तकांतील उत्तर म्यूलर पेशी असे आहे. हाइन्रिख म्यूलर यांनी १८५१ च्या सुमारास वर्णिलेल्या या आधारपेशी दृष्टिपटलाच्या जवळजवळ संपूर्ण जाडीतून उभ्या जातात. वैद्यकाच्या पहिल्या वर्षी दृष्टिपटलाचे दहा थर पाठ करताना ज्या दोन ‘सीमापटलां’ची नावे घ्यावी लागतात, ती वस्तुतः यांच्याच टोकांशी तयार झालेली असतात. त्यांच्या पृष्ठावर ग्लास्ट नावाचे वाहक प्रथिन असते. ते एका ग्लूटामेटबरोबर तीन सोडियम व एक हायड्रोजन आयन आत घेते आणि एक पोटॅशियम आयन बाहेर टाकते. या व्यवहारात धन विद्युत्‌भार आत येत असल्याने तो विद्युत्‌प्रवाहाच्या रूपाने मोजता येतो. सॅलमँडरच्या सुट्या केलेल्या म्यूलर पेशींत ब्रू व अॅटवेल यांनी १९८७ मध्ये तो मोजला. म्यूलर पेशीचा आतील विभव बराच ऋण असल्याने हे काम तिला सोपे जाते. १९९८ मध्ये ग्लास्ट नसलेल्या उंदरांच्या विद्युत्‌दृष्टिपटलालेखातील (प्रकाशाला दृष्टिपटलाने दिलेल्या विद्युत प्रतिसादाच्या नोंदीतील) ‘बी’ तरंग, म्हणजे मुख्यतः द्विध्रुवी पेशींचा प्रतिसाद, खुजा आढळला व रक्तपुरवठा तोडल्यावर त्यांचे दृष्टिपटल अधिक बिघडले. म्यूलर पक्षाचा हा भक्कम पुरावा होय.

मात्र त्या उंदरांत दृष्टीचा पहिला टप्पा बंद पडला नव्हता, हे नजरेआड करता येत नाही. प्रकाशग्राही पेशींच्या टोकांवर त्यांचे स्वतःचे वाहक असतात. त्यांपैकी ईएएटी-५ हे १९९७ मध्ये ओळखले गेले. ते ग्लूटामेट संथपणे वाहते, पण त्याच्यातून क्लोराइडचा मोठा प्रवाह जातो. त्यामुळे ते वाहकापेक्षा ग्लूटामेटची चाहूल घेणारे ग्राहकच आहे, असे काहींचे मत होते. सस्तन प्राण्यांच्या दंडपेशींवर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात मात्र पहिल्या चेतासंधीतील ग्लूटामेट हटविण्यास दंडपेशीच्या टोकावर दाटीने बसलेले वाहकच आवश्यक ठरले. संथ वाहकही संख्येने पुरेसे असतील तर ग्लूटामेटला धरून ठेवतात, एवढे त्यातून दिसते. दंडपेशीच्या टोकाला आत वळलेली खोबण असते, द्विध्रुवी पेशीचे अग्र तिच्यात शिरलेले असते आणि म्यूलर पेशीचा पापुद्रा त्या खोबणीबाहेरच थांबतो. ही रचना पाहता पहिल्या संधीत सोडणाऱ्यानेच उचलायचे आणि बाहेर निसटलेले म्यूलर पेशीने गोळा करायचे, ही वाटणी अधिक संभवनीय वाटते. आतील जालस्तरात (द्विध्रुवी पेशी व त्यांच्यापुढील पेशी यांच्या संधींच्या थरात) म्यूलर पेशीचा वाटा मोठा धरण्यास हरकत नाही.

पुनर्वापराबाबत मतभेद कमी आहेत. दृष्टिपटल ग्लूटामेट व अमोनियापासून ग्लूटामीन बनवते, हे जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांच्या १९३५ मधील प्रयोगांपर्यंत मागे नेता येते. यासाठी लागणारे ग्लूटामीन सिंथेटेज हे विकर म्यूलर पेशींत असल्याचे १९७७ मध्ये दाखविले गेले. त्या पेशी एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रसायन) खर्चून ग्लूटामीन तयार करतात व बाहेर सोडतात. चेतापेशी ते घेऊन ग्लूटामिनेज या विकराने पुन्हा ग्लूटामेट करतात आणि पुटिकांत भरतात. सशाच्या दृष्टिपटलात ग्लूटामीन सिंथेटेज रोखल्यावर द्विध्रुवी पेशी व मेंदूकडे संदेश नेणाऱ्या गुच्छिका पेशी यांतील ग्लूटामेट ओसरले (१९९४).

एटीपी संपला तर सोडियम–पोटॅशियमचा उतार (पेशीच्या आतबाहेरील प्रमाणांतील फरक) मोडतो आणि ग्लूटामेट उचलणारा वाहकच उलटा चालून ग्लूटामेट बाहेर ओततो. बोकडाचा डोळा खाटकाकडून आणून लगेच उघडला तर दृष्टिपटल पारदर्शक असते, थोड्या वेळाने पांढुरके दिसते. दृष्टिपटलाची मध्यवर्ती रोहिणी बंद पडलेल्या रुग्णातही ते पांढुरके होते. आतील थरांच्या पेशी फुगणे हे त्याचे कारण असून या फुगण्यात ग्लूटामेटचाही हात असावा.

ल्यूकस व न्यूहाउस यांनी १९५७ मध्ये नवजात उंदरांना सोडियम ग्लूटामेट टोचले असता दृष्टिपटलाचे आतील थर नष्ट झाले. तेव्हापासून अजिनोमोटो, म्हणजे हेच सोडियम ग्लूटामेट, डोळ्यांना घातक असल्याची चर्चा अधूनमधून निघते. तसे पाहिले तर सोलापुरी शेंगाचटणीतही ग्लूटामिक अम्ल भरपूर असते, कारण ते शेंगदाण्याच्या प्रथिनांचा मोठा घटक आहे. आहारातील ग्लूटामेट बहुतांशी आतड्याच्या पेशीच वापरून टाकतात आणि उरलेल्याला रक्त–दृष्टिपटल अडसर आहे. टोचणे व खाणे यांत फरक करावा.

काचबिंदूत काचाभ द्रवातील ग्लूटामेट वाढते, हा १९९६ चा दावा पुढील मोजण्यांत टिकला नाही. ग्लूटामेटचा परिणाम रोखणाऱ्या मेमँटीनच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. काचबिंदूची वाढ रोखण्यात लाभ दिसला नाही. मधुमेही केलेल्या उंदरांत म्यूलर पेशींची ग्लूटामेट उचलण्याची क्षमता लवकर घटते.

इतर पारेषकांपैकी गाबा हे म्यूलर पेशी व अमाक्राइन पेशी (दृष्टिपटलाच्या आतील थरांतील आडव्या जोडण्या करणाऱ्या चेतापेशी) गॅट वाहकांनी उचलतात. ग्लायसीन ते सोडणाऱ्या अमाक्राइन पेशीच ग्लायटी-१ या वाहकाद्वारे परत घेतात, डोपामिनही ते सोडणाऱ्या पेशीच आपल्या वाहकाने परत घेतात. फळमाशीच्या डोळ्यात पारेषक हिस्टामीन असते. तेथे आधारपेशी त्याला बीटा-अॅलॅनीन जोडून कार्सिनीन बनवतात व प्रकाशग्राही पेशी ते पुन्हा सोडवून घेतात.