लाखेची रेकॉर्ड की एलपी? पुसायच्या आधी एवढं बघा

दोन वर्षांपूर्वी अंबडच्या पुढं मामाच्या गावाला जुनं माळवदाचं घर उतरवायला काढलं, तेव्हा आतल्या खोलीतल्या संदुकीत लुगड्यांच्या खाली तेवीस रेकॉर्डी निघाल्या. सगळ्या काळ्या, सगळ्या दहा इंची, मधे लाल-जांभळं लेबल, त्यामुळं मी सगळ्या एकाच जातीच्या धरल्या आणि घरात होतं ते सॅनिटायझर कापसावर घेऊन पहिलीच पुसायला लागलो. मामी म्हणल्या, "काय करायलास रे, रंग चाललाय तिचा!" कापूस बघितला तर तपकिरी-काळा, आणि रेकॉर्डीवर जिथं पुसलं तिथली चकाकी गेलेली. ते एक नाट्यगीत होतं. आता त्या जागी सुई आली की नुसती खरखर येते, आणि ती परत दुरुस्त होत नाही.

म्हणून हे लिहायलोय. आपल्याकडं दोन्हीला सरसकट रेकॉर्ड किंवा तबकडीच म्हणतात, पण त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

पहिली लाखेची, ७८ ची. म्हणजे मिनिटाला ७८ फेरे. लाख म्हणजे झाडावरच्या किड्यापासून मिळते तीच, त्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून ही तबकडी दाबलेली असते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पॉलिशवाले सुतार लाखदाणा स्पिरिटमध्येच भिजवतात, हे मला माहीत होतं, पण रेकॉर्ड हातात असताना डोक्यात आलं नाही. दहा इंची रेकॉर्डीच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. आपल्या मोठमोठ्या गवयांनी तेवढ्यात अख्खा राग बसवला, आणि मला ही कला फार मोठी वाटते. केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत अवकाशात गेली, ती पण साडेतीन मिनिटांचीच आहे.

दुसरी एलपी, म्हणजे लाँग प्लेइंग. ही विनाइलची, म्हणजे प्लास्टिकची, मिनिटाला ३३⅓ फेरे, आणि १९४८ साली अमेरिकेत बाजारात आली. सुई ज्यातून फिरते त्या खाचा खूप बारीक असल्यामुळं एका बाजूला वीस-बावीस मिनिटं सहज मावतात. बहुतेक एलपी बारा इंची, पण सुरुवातीच्या काही दहा इंची पण निघाल्या आणि घोळ तिथंच होतो. माझ्या तेवीसमधल्या दोन तशा निघाल्या.

अल्बम हा शब्द पण मूळचा ७८ वाल्यांचाच बरं का. एका रेकॉर्डीत मोठी रचना मावायची नाही, म्हणून चार-पाच रेकॉर्डी फोटोच्या अल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकायचे, त्या वहीचं नाव पुढं एलपीला चिकटलं.

ओळखायचं कसं? आधी लेबल वाचा. एलपीवर लाँग प्लेइंग, ३३⅓ किंवा मायक्रोग्रूव्ह असं काहीतरी असतंच, पण लेबल उडालेलं असेल तर रेकॉर्ड मधल्या भोकात बोट घालून अधांतरी धरा आणि कडेला नखानं हळूच टिचकी मारा. लाखेची चिनी मातीच्या बशीसारखी टणकन वाजते, विनाइलचा आवाज बसका येतो. लाखेची हाताला जड लागते, आणि उजेडात तिरकी धरली की खाचा नुसत्या डोळ्यानं वेगवेगळ्या दिसतात. एलपीवर नुसती रेशमासारखी चमक दिसते. वाकवून मात्र कधीच बघू नका, एलपी थोडी लवेल पण लाखेची कटकन मोडेल. आणि नुसत्या ७८ आकड्यावर पण जाऊ नका, काही ७८ च्या रेकॉर्डी विनाइलवर पण निघाल्यात, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांसाठी काढलेल्या तशाच होत्या.

सुईचं तर विचारूच नका. चावीच्या ग्रामोफोनची स्टीलची पिन आणि ती पिन जिच्यात बसते ती जड डबी, म्हणजे साऊंडबॉक्स, एलपीवर ठेवला तर एका फेरीत खाचा खरवडून जातात. उलट एलपीची सुई ७८ च्या रुंद खाचेत तळाला जाऊन बसते, आणि तळातली सगळी घाण तेवढी ऐकू येते. ७८ साठी सुई वेगळीच लागते, साधारण तिप्पट जाड. आणि नवीन टर्नटेबल घेताना ७८ चा स्पीड आहे का ते आधी विचारा, बऱ्याच मशीनला ३३ आणि ४५ एवढेच असतात.

आता दुर्मिळपणाचं. जुनी म्हणजे महाग, लाखेची म्हणजे लाखाची, असं धरून लोक गाठोडं घेऊन दुकानात जातात आणि हिरमुसून येतात. गाजलेल्या गाण्यांच्या ७८ हजारोंनी निघाल्यात. उलट एखाद्या कमी चाललेल्या गायकाची एलपी थोड्याच प्रती निघून बंद पडलेली असते आणि ती वर्षानुवर्षं सापडत नाही. तरी ७८ मधे पण रत्नं आहेत. इंग्लंडच्या बीटल्स बँडच्या गाण्यांच्या ७८ भारतात साठच्या दशकात निघाल्या, जेव्हा त्यांच्या स्वतःच्या देशात हा प्रकार संपलेला होता. कारण साधं आहे, आपल्याकडं खेड्यात वीज नव्हती आणि चावीचा ग्रामोफोन विजेशिवाय चालतो. बाहेरचे संग्राहक आज त्या शोधत फिरतात. म्हणून लेबल बघितल्याशिवाय कुठलीच भंगारात घालू नका.

धुवायचं असेल तर लाखेचीला गार पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, लेबल कोरडं ठेवायचं आणि लगेच पुसून सावलीत वाळवायचं. स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर काहीच नको.

आणि आपल्या उन्हाचं बघा. माळवदाखाली या रेकॉर्डी इतकी वर्षं धड राहिल्या, पण मी आणून आठ दिवस पत्र्याच्या खोलीत आडव्या ठेवल्या, ऐन मे महिन्यात, तर त्या दोन एलपींपैकी एक ताटासारखी वर उचलली गेली. आता सगळ्या खालच्या खोलीत, भिंतीला लागून उभ्या लावल्यात, लाखेच्या वेगळ्या आणि ती उरलेली एलपी वेगळी.