"सेम टू सेम करून मिळेल का?" – बॉक्स, पॉप-अप आणि पेटंटबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे रोज कोणीतरी मोबाइलवर फोटो घेऊन येतं, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं. कुठलातरी बाहेरच्या देशातला परफ्यूमचा बॉक्स, उघडली की आतून मंडप उभा राहणारी लग्नपत्रिका, एका बाजूने खेचलं की दोन्हीकडून ड्रॉवर बाहेर येणारा गिफ्ट बॉक्स, आणि खाली एकच ओळ, "सेम टू सेम पाहिजे, हजार नग, रेट सांगा". रेट आम्ही सांगतोच. पण कधी कधी आम्ही म्हणतो की हे जसंच्या तसं नाही करून देणार, आणि मग समोरचा वैतागतो, की अहो कागदच तर आहे, घडी घालायला कसलं आलंय पेटंट? तर असतं. दर वेळी काउंटरवर उभं राहून तेच समजावण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं म्हणून हे पत्रक. वकील आम्ही नाही, पंचिंग-पेस्टिंगवाले आहोत, तेव्हा मोठी ऑर्डर असेल तर पेटंट एजंटला विचारा, पण निदान काय विचारायचं ते तरी यातून कळेल.

आधी चांगली बातमी. रोजच्या वापरातले बरेचसे बॉक्स कधीतरी कोणाचं तरी पेटंट होते आणि आता सगळ्यांचे आहेत. पेटंट म्हणजे सरकारने ठराविक मुदतीसाठी दिलेला मक्ता. आपल्याकडे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, तेही वर्षाची फी वेळेवर भरत राहिलं तर. मुदत संपली की कोणीही बनवा, परवानगी नको की रॉयल्टी नको.

कोरुगेटेडचंच, म्हणजे आत नागमोडी कागद असलेल्या पुठ्ठ्याचंच बघा. १८५६ साली इंग्लंडमध्ये हीली आणि ॲलन या दोघांनी नागमोडी कागदाचं पेटंट घेतलं, पण ते खोक्यासाठी नव्हतंच, साहेब लोकांच्या उंच टोप्यांच्या आत अस्तर म्हणून होतं. १८७१ ला अमेरिकेत अल्बर्ट जोन्सने तसाच कागद काचेच्या बाटल्या गुंडाळायला वापरला, मग १८७४ ला ऑलिव्हर लाँगने त्या लाटांना सपाट कागद चिकटवला, म्हणजे लाटा ताणल्या जाऊन सपाट होणार नाहीत. तुम्ही आमच्याकडे थ्री प्लाय, फाइव्ह प्लाय मागता त्याची सुरुवात ही. आता त्यावर कोणाचाही हक्क नाही, फक्त कागदाचे भाव तेवढे आमच्या हातात नाहीत.

आमच्या पंचिंग मशिनची गोष्ट तर आम्हाला स्वतःला फार आवडते. १८७९ च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअर नावाचा कागदी पिशव्यांचा कारखानदार होता, त्याच्या प्रेसवर एक धातूची पट्टी जागेवरून वर सरकली आणि घडी पाडायच्या ऐवजी पिशव्या कापतच सुटली, माल वाया गेला. दुसरा कोणी असता तर कामगारावर ओरडून मोकळा झाला असता, याच्या डोक्यात आलं की एकाच दाबात कापायचंही आणि घडीही पाडायची असं का नाही करायचं? आजही डाय, म्हणजे बॉक्स कापायचा साचा, तशीच बनते. प्लायवुडमध्ये खाचा पाडून स्टीलच्या पट्ट्या बसवतात, कापणारी पट्टी २३.८ मिलीमीटर उंच आणि धारदार, क्रीजिंगची, म्हणजे घडी पाडणारी, त्याहून जराशी बुटकी आणि बोथट. किती बुटकी ते बोर्डाच्या जाडीवर ठरतं, म्हणूनच तुम्ही ३०० जीएसएमची (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) डाय करून घेऊन नंतर ४०० जीएसएमचा बोर्ड आणता तेव्हा आम्ही कुरकुरतो, घडी फुटते हो मग.

ओल्या मालासाठी जो बादलीसारखा बॉक्स असतो, वर बारीक तारेची कडी, नूडल्सवाल्यांकडे दिसतो तो, त्याचं पेटंट शिकागोच्या फ्रेडरिक विल्कॉक्सने १८९४ ला घेतलं. एकच कागद, आणि कोपऱ्यात काप अजिबात नाही. कोपरा कापून चिकटवायच्या ऐवजी तो दुमडून बाजूवर बसवलेला असतो, काप नाही म्हणून जोड नाही आणि जोड नाही म्हणून रस्सा गळत नाही. ग्रेव्हीसाठी, ओल्या भेळेसाठी आम्ही हाच कोपरा सुचवतो. अ‍ॅडेसिव्ह कितीही भारी घ्या, गरम रश्श्यापुढे कापलेला कोपरा टिकत नाही.

आता मुद्दा. पेटंट फोटोत दिसत नाही. ते "बॉक्स" वर नसतं, तर त्यातल्या एखाद्या नेमक्या करामतीवर असतं आणि ती करामत अर्जाच्या शेवटी क्लेम म्हणून शब्दात लिहिलेली असते. पिझ्झाच्या खोक्यात मधोमध ते तीन पायांचं पांढरं प्लास्टिकचं टेबल असतं ना, झाकण खाली बसून चीजला चिकटू नये म्हणून, त्याचं पेटंट १९८५ ला न्यूयॉर्क राज्यातल्या कार्मेला व्हिटाले यांना मिळालं. पेटंट त्या टेबलाचं, खोक्याचं नाही. तेही केव्हाच संपलं. म्हणजे दिसायला अगदी सारखे दोन बॉक्स असले तरी एक मोकळा आणि दुसरा पेटंटवाला असू शकतो, फरक आतल्या एका लॉकचा किंवा चिकटवायच्या जागेचा असेल. याच कारणाने आम्ही नुसत्या फोटोवर हो म्हणत नाही. सॅम्पल असेल तर ते द्या, आम्ही ते सोडवून सपाट करून बघतो, बहुतेक वेळा तिथेच समजतं की ही जुनी घडी आहे की काहीतरी नवीन डोकं लावलंय. बऱ्याचदा बॉक्सच्या तळाला बारीक अक्षरात पेटंट नंबर छापलेला असतो, तो आधी तुम्हीच बघा.

पॉप-अपमध्ये हा घोळ जास्त होतो. मूळ घड्या खूप जुन्या आहेत. व्ही फोल्ड म्हणजे कार्डाच्या मधल्या घडीवर कोनात चिकटवलेला तुकडा, कार्ड उघडलं की उभा राहतो. समांतर घडी म्हणजे पायरीसारखी, तीत चिकटवायलाही लागत नाही, कापलं आणि उलटं दुमडलं की झालं. जपानी आर्किटेक्ट मासाहिरो चातानी यांनी १९८० च्या दशकात एकाच कागदातून अशा आख्ख्या इमारती उभ्या केल्या, त्यांची चित्रं तुम्ही पाहिली असतील. ही तत्त्वं कोणाच्या मालकीची नाहीत. पण त्यांनी किंवा दुसऱ्या कोणी केलेली ठराविक इमारत, ठराविक फूल, ती कलाकृती आहे, तिच्यावर कॉपीराइट असतो. शनिवारवाड्याचा दरवाजा पाहिजे? करू की, आमचा मुलगा नव्याने काढेल. पण इंटरनेटवरून उचललेलं कोणाचं तरी टेम्प्लेट तसंच डायला लावायचं, हे नाही. बर्थडेच्या पत्रिकेवरच्या कार्टूनचंही तेच, घडी मोकळी असली तरी चित्र मोकळं नाही.

नकाशेवाली घडी पण सध्या बरेच जण मागतात, खास करून कोकणातले होमस्टेवाले. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये नकाशा असतो, पुठ्ठे उघडले की आख्खा कागद आपोआप पसरतो आणि मिटले की आपोआप आत जातो. ब्रिटनमध्ये हे खिशातले नकाशे पेटंट घेऊनच बाजारात आले. यातली चौकोनी कागदाची घडी स्वतः जुनी आहे, हाताने कोणीही घालेल, पण पुठ्ठा कसा जोडला, मशिनवर घडी कशी घातली यावर वेगवेगळी पेटंटं असू शकतात, म्हणून हे काम घेताना आम्ही आधी शोध घेतो. तोपर्यंत मिउरा घडी बघा असं आम्ही सांगतो. कोर्यो मिउरा या जपानी अवकाश शास्त्रज्ञाची ती, १९९५ ला सोडलेल्या जपानी यानाच्या सौर पॅनलला वापरली होती. समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढले की नकाशा एका झटक्यात उघडतो आणि तसाच मिटतो, घडी उलटी पडायचा प्रश्नच नाही. मात्र आमच्याकडे ती हाताने घालावी लागते, मजुरी वाढते, हे आधीच सांगून ठेवतो.

पाकिटातून काढला की टुणकन उडून उभा राहणारा रबरबँडवाला क्यूब कॉर्पोरेट गिफ्टवाल्यांना फार आवडतो. त्याच्या वेगवेगळ्या प्रकारांवर बाहेर पेटंटं घेतली गेली आहेत, तेव्हा ऑर्डरआधी शोध हवाच. आणि आमचं प्रामाणिक मत विचाराल तर नका करू, ताणलेलं रबर उन्हाळ्यात गोदामात पडून राहिलं की ढिलं पडतं, दिवाळीला वाटायला काढाल तेव्हा क्यूब उडायच्या ऐवजी लोळत पडेल. त्यापेक्षा मिटणारा आकाशकंदील घ्या. पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी बनतोय, पारंपरिक ज्ञानावर आपल्या कायद्यात पेटंट मिळतच नाही, आणि सपाट पाकिटात कुरिअरनेही जातो.

कुरिअरवरून आठवलं. पेटंट त्या त्या देशापुरतं असतं. अमेरिकेत पेटंट आहे आणि भारतात घेतलेलंच नाही, तर इथे बनवून इथे विकायला अडचण नाही. पण तोच बॉक्स फराळ भरून न्यू जर्सीच्या दुकानात विकायला गेला तर तिथे तो भंग होतो. तेव्हा माल कुठे विकणार ते ऑर्डर देतानाच सांगा. आणि आम्ही एवढे चिकट का, तर आपल्या कायद्यात विकणारा जसा अडकतो तसा बनवणाराही अडकतो. बनवणं, वापरणं, विकणं, विकायला ठेवणं, आयात करणं, सगळंच पेटंटवाल्याच्या हक्कात येतं. "माल माझा, जबाबदारी माझी" असं तुम्ही लिहून दिलंत तरी नोटीस आमच्या दारात येतेच.

पेटंट नसेल तरी डिझाइन रजिस्टर्ड असू शकतं. पेटंट कामाचं, डिझाइन दिसण्याचं. आकार, नक्षी, ठेवण यांची नोंदणी होते, आधी १० वर्षं आणि वाढवली तर आणखी ५. मिठाईचे आणि ड्रायफ्रूटचे फॅन्सी बॉक्स या प्रकारात जास्त येतात.

आता उलट बाजू, म्हणजे कल्पना तुमची स्वतःची असेल तर. असे ग्राहक येतात आणि आम्हाला त्यांचं कौतुक आहे, पण त्यातले कितीतरी जण आधी इन्स्टाग्रामवर रील टाकतात, दोन प्रदर्शनांत स्टॉल लावतात आणि मग विचारतात की पेटंट मिळेल का. अर्जाच्या आधी तुम्हीच ते जगजाहीर केलं तर नवीनपणा गेला, थोडे अपवाद सोडले तर मग काही होत नाही. आधी अर्ज, मग रील. पूर्ण तयारी नसेल तर तात्पुरता अर्ज करून तारीख पकडता येते आणि पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपयांपासून आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. तपासणीची फी वेगळी आणि एजंटची फी वेगळी, खरा खर्च तिथे होतो. महाराष्ट्र-गोव्याचं पेटंट ऑफिस मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण सगळं ऑनलाइन होतं, जायची गरज पडत नाही.

काही जण डमीवर, म्हणजे नमुन्याच्या बॉक्सवर, तारीख टाकून सही करून ठेवतात आणि म्हणतात हा पुरावा. मार्गारेट नाइटच्या वेळी ते चाललं. सपाट बुडाची कागदी पिशवी बनवणारं मशिन या बाईंनी तयार केलं, वर्कशॉपमध्ये मॉडेल बनत असताना चार्ल्स ॲनन नावाच्या माणसाने ते पाहिलं आणि स्वतःच्या नावाने पेटंटचा अर्ज टाकला. बाई लढल्या, आपली ड्रॉइंग्ज आणि साक्षीदार पुढे ठेवले आणि १८७१ ला पेटंट त्यांच्या नावावर झालं. पण तेव्हा अमेरिकेत पहिला शोध कोणाचा ते बघायचे. आपल्याकडे आधी अर्ज कोणाचा ते बघतात. तुमची कल्पना चोरूनच कोणी अर्ज केला असेल तर विरोध करता येतो, पण ते सिद्ध करणं तुमच्या डोक्यावर आणि वर्षं जातात. आमच्याकडे डमी करायला देताना गोपनीयतेचा साधा करार करून घ्या, आम्हाला अजिबात राग येत नाही, फॉर्म काउंटरवर ठेवलेला असतो.

आणि कृपा करून पेटंट नसताना बॉक्सवर "पेटंटेड" छापायला सांगू नका. भारी दिसतं म्हणून लोक मागतात. खोटं छापलं तर कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे.

शोध स्वतः घ्यायचा असेल तर पेटंट ऑफिसच्या साइटवर फुकट घेता येतो, गूगल पेटंट्सवरही चित्रं बघता येतात. साध्या बॉक्ससाठी आम्ही तो करून देतो, वेगळे पैसे नाहीत. फक्त एक लक्षात घ्या, अर्ज केल्यापासून साधारण १८ महिने तो उघड होत नाही, त्यामुळे आज काही सापडलं नाही म्हणजे पक्कं नाहीच असं कोणीही छातीठोक सांगू शकत नाही.

येताना शक्यतो सॅम्पल आणा, आत काय भरणार त्याचं वजन सांगा, माल कुठे विकणार ते सांगा. पॉप-अप असेल तर लॅमिनेशन हवं की नको ते आधी ठरवा, कारण ग्रेनच्या, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या दिशेच्या, आडवी घडी आली की लॅमिनेशन तडकतं आणि पांढरी रेघ दिसते, मग डायचं लेआउटच फिरवावं लागतं आणि एका शीटमध्ये नग कमी बसतात. डमीचे पैसे आधी घेतो, ऑर्डर पक्की झाली की बिलातून वजा करतो. दिवाळीचं काम गणपतीच्या आधी द्या, नंतर आलात तर नेहमीच्या डायमधलंच काहीतरी निवडावं लागेल.