निंग झेताओ की पान झानले? चीनच्या दोन १०० मीटरवाल्यांचा घोळ सोडवूया

"चीनचा तो १०० मीटर फ्रीस्टाइल जिंकलेला पोरगा" असं कोणी म्हटलं की निम्म्या लोकांना एक जण आठवतो आणि निम्म्यांना दुसराच, आणि मग एकाचं मेडल दुसऱ्याच्या नावावर, एकाची बंदी दुसऱ्याच्या माथी, असं सुरू होतं. दोघंही चिनी पोहणारे, दोघंही उंचेपुरे, दोघांचीही मेन रेस तीच, आणि दोघांच्याही नावापुढे "पहिला आशियाई" हे लावलं जातं. तर एकदा नीट बघूया कोण कोण आहे ते. (चीनचा आणखी एक नावाजलेला पोहणारा सुन यांग या दोघांपैकी कोणीच नाही बरं का, तो २०० ते १५०० मीटरवाला, स्प्रिंटशी त्याचा संबंध नाही.)

निंग झेताओ आधीचा. जन्म १९९३, हेनान प्रांतातलं झेंगझोऊ, आणि तयार झाला चिनी नौदलाच्या टीममध्ये. २०१४ च्या इंचॉन एशियन गेम्समध्ये त्याने चार गोल्ड घेतली, ५० आणि १०० मीटर फ्रीस्टाइल आणि दोन रिले, आणि त्याच वर्षी ४७.६५ सेकंदांचा आशियाई रेकॉर्ड केला. पण त्याचा खरा दिवस म्हणजे ६ ऑगस्ट २०१५, रशियातलं कझान, फुटबॉल स्टेडियममध्ये बसवलेला तात्पुरता पूल, आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपची १०० मीटरची फायनल. निंग ४७.८४, ऑस्ट्रेलियाचा कॅमेरॉन मॅकएव्हॉय ४७.९५. या रेसमध्ये आशियातला माणूस वर्ल्ड चॅम्पियन होण्याची ही पहिलीच वेळ. तोपर्यंत सगळे धरूनच चालायचे की आशियाई पोहणारे लांब अंतरात किंवा ब्रेस्टस्ट्रोकमध्ये चमकतील, पण स्प्रिंट फ्रीस्टाइल हे अमेरिकन, ऑस्ट्रेलियन आणि युरोपियन धिप्पाड लोकांचं काम.

पान झानले २००४ चा, झेजियांगमधल्या वेंझोऊचा, म्हणजे निंगपेक्षा अकरा वर्षांनी लहान. निंगने कझानला गोल्ड घेतलं तेव्हा हा नुकताच अकरा वर्षांचा झाला होता. सतराव्या वर्षी, २०२२ ला बुडापेस्टच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये चौथा आला, २०२३ ला फुकुओकात पुन्हा चौथा, आणि त्याच वर्षी हांगझोऊ एशियन गेम्समध्ये ४६.९७, म्हणजे ४७ सेकंदांच्या आत जाणारा पहिला आशियाई. मधला एक दुवा लोक विसरतात, निंगचा ४७.६५ चा रेकॉर्ड पानने मोडलेला नाही, तो मोडला कोरियाच्या ह्वांग सन-वूने टोकियो ऑलिम्पिकच्या सेमीफायनलमध्ये ४७.५६ मारून, आणि पानने मग ह्वांगचा मोडला.

आता "पहिला" या प्रकरणाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच आहे. वर्ल्ड चॅम्पियनशिपमधला पहिला आशियाई निंग, हे पक्कं. पॅरिसला २०२४ मध्ये पानने गोल्ड घेतलं तेव्हा लोकांनी लगेच "ऑलिम्पिकमधला पहिला आशियाई" लिहून टाकलं, आणि ते चूक आहे. जपानचा यासुजी मियाझाकी १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये हीच रेस ५८.२ सेकंदांत जिंकला होता आणि तेव्हा तो फक्त १५ वर्षांचा होता! म्हणजे पान हा पहिला चिनी पुरुष, आणि ९२ वर्षांनंतरचा पहिला आशियाई पुरुष. पुरुष असं मुद्दाम लिहितोय, कारण बायकांच्या १०० मीटरमध्ये चीनच्या झुआंग योंगने १९९२ ला बार्सिलोनात आणि ले जिंगयीने १९९६ ला अटलांटात गोल्ड घेतलेलं आहे. पानला मोठं करायला या तिघांना पुसून टाकायची काहीच गरज नाहीये, तो तसाही प्रचंड मोठा आहे.

किती मोठा ते आकड्यांत बघा. २००९ मध्ये, त्या गाजलेल्या सुपरसूटच्या (वेग वाढवणारे, नंतर बंदी आलेले पोहण्याचे पोशाख) काळात, ब्राझीलच्या सेझार सिएलोने ४६.९१ केलं आणि तो रेकॉर्ड तेरा वर्षं हलला नाही. २०२२ ला रोमानियाच्या डेव्हिड पोपोविचीने त्यातून पाच शतांश काढले, ४६.८६. फेब्रुवारी २०२४ ला दोह्यात पानने अजून सहा काढले, ४६.८०. आणि मग ३१ जुलैला पॅरिसमध्ये या माणसाने एका फटक्यात चाळीस शतांश काढले, ४६.४०! पहिले ५० मीटर २२.२८, परतीचे २४.१२. दुसरा काइल चाल्मर्स ४७.४८, तिसरा पोपोविची ४७.४९, चौथा ४७.५०, म्हणजे मागच्या तिघांत मिळून दोन शतांशांचा फरक आणि पान त्यांच्या सव्वादोन मीटर पुढे. १०० मीटरच्या ऑलिम्पिक फायनलमध्ये जवळजवळ शंभर वर्षांत एवढा फरक पडला नव्हता. तेही पूल उथळ आहे, स्लो आहे अशी तक्रार सगळीकडून चालू असताना. माझ्या मते स्प्रिंटमध्ये याच्यापेक्षा भारी रेस अजून झालेली नाही. निंगच्या बेस्ट टाइमपेक्षा हे सव्वा सेकंदाने कमी आहे, म्हणजे दोघं शेजारच्या लेनमध्ये असते तर निंग अडीच मीटर तरी मागे राहिला असता.

रिलेचा अजून एक घोळ आहे. पॅरिसलाच ४ ऑगस्टला, म्हणजे त्याच्या विसाव्या वाढदिवशी, मेडली रिलेत (चौघं, प्रत्येकाचा स्ट्रोक वेगळा) पानने शेवटचे १०० मीटर ४५.९२ मध्ये मारले, मागून येऊन चीनला गोल्ड मिळवून दिलं आणि या रेसमधली अमेरिकेची १९६० पासूनची सद्दी संपली (१९८० ला अमेरिका गेलीच नव्हती). मग वर्ल्ड रेकॉर्ड ४५.९२ का नाही? कारण रिलेत दुसऱ्यापासून पुढचे सगळे उडी घ्यायच्या तयारीत आधीच झुकलेले असतात, येणाऱ्याचा हात भिंतीला लागतो त्याच क्षणी यांचे पाय सुटतात, बझर ऐकून उडी मारायला लागणारे सहासात दशांश वाचतात. म्हणून फक्त पहिल्याचा टाइम रेकॉर्डसाठी धरतात. दोह्यातला ४६.८० हा रिलेतलाच, पण तिथे पान पहिला उतरला होता म्हणून तो चालला.

आता डोपिंग, आणि इथे कृपया नावं नीट लक्षात ठेवा. बंदी भोगलेला निंग आहे, २०११ मध्ये क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं आणि वर्षभर बाहेर बसला. पानची एकही पॉझिटिव्ह टेस्ट जाहीर झालेली नाही. २०२१ च्या ज्या २३ चिनी पोहणाऱ्यांच्या पॉझिटिव्ह टेस्टची बातमी २०२४ च्या एप्रिलमध्ये फुटली त्यांच्यात पानचं नाव नाही. चिनी स्विमिंगवर लोकांचा भरवसा कमी आहे त्याला कारणं आहेत, १९९४ च्या हिरोशिमा एशियन गेम्सचं प्रकरण आठवा, तिथे चीनचे बरेच पोहणारे डोपिंगमध्ये सापडले होते, पण म्हणून एकाचं पाप दुसऱ्याच्या गळ्यात घालणं हा निव्वळ अन्याय आहे.

पाण्यातही दोघं वेगळे आहेत. निंग ५० आणि १००, पक्का स्प्रिंटर. पान १०० वरून २०० कडे झुकणारा, हांगझोऊला २०० मध्ये सिल्व्हर पण ५० मध्ये ब्राँझच. आशियात ५० मीटर किती घासून होते ते आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेला विचारा, २०१८ ला जकार्ता एशियन गेम्समध्ये तो चौथा आला, ब्राँझ एका शतांशाने हुकलं.

निंगचं पुढे जे झालं त्याचं मात्र वाईट वाटतं. कझाननंतर तो चीनमध्ये सिनेमातल्या हिरोसारखा झाला, जाहिराती आल्या, आणि टीमची स्पॉन्सर एक दूध कंपनी असताना याने तिच्या स्पर्धक कंपनीची जाहिरात घेतल्यावरून फेडरेशनशी बिनसलं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला १०० मध्ये सेमीफायनललाच बाहेर, २०१७ च्या सुरुवातीला नॅशनल टीममधूनच काढलं, तरी त्याच वर्षी तिआनजिनच्या नॅशनल गेम्समध्ये ४७.९२ मारून गोल्ड घेतलं. ६ मार्च २०१९ ला, सव्विसाव्या वाढदिवशी, रिटायर झाला. टोकियोपर्यंत त्याला नीट खेळू दिलं असतं तर, असं मला अजून वाटतं.

पानचं चालू आहे. पॅरिसनंतरच्या पहिल्याच मोठ्या परीक्षेत, २०२५ च्या सिंगापूर वर्ल्ड चॅम्पियनशिपला, तो १०० मीटरच्या फायनललाही पोचला नाही आणि पोपोविची ४६.५१ मध्ये जिंकला, म्हणजे रेकॉर्डपासून फक्त अकरा शतांश लांब.