पेशी मरतात म्हणून ल्युपस होतो?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असो की फोंड्याला चवथीच्या माटोळीखाली, ल्युपसचा, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उठते त्या आजाराचा, विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतंच: "अंगातल्या पेशी मरतात, म्हणून हा रोग."

पेशी मरणं हा मुळात रोगच नव्हे. धडधाकट माणसाच्या शरीरातही रोज अब्जावधी पेशी ठरल्याप्रमाणे मरतात. या नियोजित मरणाला १९७२ मध्ये 'ॲपॉप्टोसिस' हे नाव मिळालं. पेशी आकसते, तिचे छोटे तुकडे होतात आणि भक्षक पेशी ते गाजावाजा न करता गिळतात.

बिघडतं ते पुढे. मासळी बाजार उठल्यावर कचरा वेळेत उचलला, तर कुणाला पत्ताही लागत नाही. दोन दिवस पडून राहिला की सगळ्या वाड्याला कळतं. तसंच न उचललेल्या पेशी फुटतात, आतला डीएनए उघडा पडतो आणि प्रतिकारयंत्रणा त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागते. या सफाईला हातभार लावणारं 'सी१क्यू' प्रथिन ज्यांच्यात जन्मतःच नसतं, त्यांच्यातल्या बहुतेकांना ल्युपस किंवा तसाच आजार होतो. (कारणं इतरही आहेत, हे खरं.)

याच्या अगदी उलटही घडतं. 'फास' जनुकात दोष असला, तर ज्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) मरायला हव्या त्या मरतच नाहीत. मग गाठी आणि प्लीहा सुजतात, शरीर स्वतःच्याच रक्तपेशींवर उठतं.

आणि हो, उन्हातली अतिनील किरणं त्वचेच्या पेशी मारतात. ल्युपसवाल्यांना मे महिन्यातच नव्हे, वर्षभर छत्री लागते ती त्यामुळे.