घरगुती बीअरनिर्मिती

घरगुती बीअरनिर्मिती : विक्रीसाठी नव्हे, तर स्वतःच्या वापरासाठी घरच्या साधनांनी बीअर आंबवून बाटलीत भरण्याची प्रक्रिया. एका वेळचा घाणा बहुधा ५ ते २५ लिटरचा असतो. सातूचे मॉल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप (कडवटपणा देणारी वेलीची फुले), पाणी व यीस्ट (साखर आंबवणारी सूक्ष्म बुरशी) हे घटक कारखान्यातलेच, फरक नियंत्रणाचा. कारखान्यात बीअर गाळून तिच्यात कार्बन डायऑक्साइड बाहेरून भरता येतो, घरी ते काम बाटलीत शिल्लक राहिलेल्या यीस्टवर सोपवलेले असते. या विद्येतले बहुतेक अपघात याच टप्प्यावर होतात.

प्राचीनत्व : बीअर मुळात घरचीच, प्रश्न आहे तो ती केव्हापासूनचा. धान्याची लागवड भाकरीसाठी सुरू झाली की बीअरसाठी, हा वाद पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट ब्रेडवुड यांनी १९५३ मध्ये तज्ज्ञांची मते मागवल्यापासून अधूनमधून उकरला जातो. इझ्राएलमधील राकेफेत गुहेतल्या सु. १३,००० वर्षांपूर्वीच्या दगडी उखळांत आंबवलेल्या धान्याचे अवशेष असल्याचा दावा २०१८ मध्ये झाला. मात्र पिष्टकणांची झीज शिजवण्याने वा दळण्यानेही होऊ शकते, त्यामुळे तो सर्वमान्य नाही. इराणमधील गोदिन तेपे येथील घटाच्या आतील खोबणींत कॅल्शियम ऑक्झॅलेट सापडले. हा क्षार बीअरच्या भांड्यात साचतो, पण तो इतर वनस्पतींतही असतो. तरीही घटाचा आकार व सातूचे सान्निध्य पाहता इ. स. पू. चौथ्या सहस्रकाच्या उत्तरार्धाचा हा पुरावा अधिक ग्राह्य वाटतो. निन्कासी या सुमेरियन देवतेचे सूक्त (इ. स. पू. सु. १८००) कृती म्हणून वाचण्याची रूढी आहे, त्यातील ‘बप्पिर’ हा घटक म्हणजे खरोखर भाकरच का, याबद्दल एकमत नाही. हॉपचा बीअरनिर्मितीशी जोडलेला जुना लेखी उल्लेख फ्रान्समधील कॉर्बी मठाच्या ८२२ च्या नियमांत येतो.

आधुनिक छंद कायद्याच्या आडोशाने वाढला. ब्रिटनमध्ये १८८० च्या कायद्याने घरी बीअर करणाऱ्याला परवाना लागू झाला. ती अट १९६३ मध्ये उठली. अमेरिकेत दारूबंदी १९३३ मध्ये संपल्यावर घरगुती वाइनला मुभा मिळाली, बीअरला नाही. हा कारकुनी विसर होता असे सांगण्याची प्रथा आहे. १९७८ मध्ये मंजूर झालेल्या दुरुस्तीने दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत करमुक्त बीअर करता येऊ लागली.

कृती : नवशिक्याने मॉल्टच्या घट्ट अर्कापासून सुरुवात केली, तर पिष्टाची साखर करण्याची पायरी आधीच उरकलेली असते. भरडलेले मॉल्ट वापरल्यास ते ६५ ते ६८ अंश से. पाण्यात तासभर ठेवतात. तापमान या पट्ट्याच्या खालच्या टोकाला असेल तर बीअर कोरडी व हलकी होते, वरच्या टोकाला असेल तर तोंडभर लागते. गाळलेला गोड काढा हॉपसह सुमारे तासभर उकळतात, लगोलग २० अंशांच्या आसपास थंड करतात आणि त्यात यीस्ट टाकतात. उकळीनंतर काढ्याला लागणारी प्रत्येक वस्तू आधी धुतलेली आणि मग निर्जंतुक केलेली हवी. या दोन वेगळ्या क्रिया आहेत. चिकटून राहिलेल्या थरावर निर्जंतुक द्रावण ओतून उपयोग होत नाही.

एल (उबेत आंबणारी बीअर) जातीचे यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांत काम करते. लागरचे (थंडीत आंबणाऱ्या बीअरचे) यीस्ट त्याहून बरेच थंड, ८ ते १३ अंश मागते, म्हणून शीतपेटीवाचून तिच्या नादी लागू नये. शुद्ध यीस्ट वेगळे करण्याची पद्धत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सिद्ध केली. किण्वनात (आंबण्याच्या क्रियेत) उष्णता निर्माण होते. खोली २० अंशांची असली तरी भांड्याच्या पोटात दोन-चार अंश अधिक असू शकतात. पहिले तीन दिवस भांडे पाण्याच्या टबात ठेवण्याचा फायदा महागड्या हॉपपेक्षा जास्त होतो, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

किण्वनाचा शेवट : झाकणावरील वायुरोधातले बुडबुडे थांबले की काम संपले, हा समज चुकीचा आहे. झाकण किंचित ढिले असेल तर वायू कडेने निसटतो. उलट पूर्ण आंबलेली बीअर जरा तापली तरी विरघळलेला वायू सुटून बुडबुडे येतात. खरी साक्ष हायड्रोमीटरची, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या तरंगत्या नळीची. आरंभी १.०५० असलेले विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता) १.०१२ वर आले आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेवढेच भरले, तर किण्वन संपले असे धरतात. या उदाहरणात मद्यार्क आकारमानाने सुमारे ५ टक्के येतो. मोजलेला नमुना परत ओतू नये, चाखावा.

बाटलीतील वायू : भरण्यापूर्वी थोडी साखर मिसळतात, यीस्ट ती आंबवते आणि बंद टोपणामुळे वायू बीअरमध्येच विरघळतो. एक ग्रॅम साध्या साखरेपासून सुमारे अर्धा ग्रॅम वायू मिळतो. एका लिटर बीअरमध्ये एक लिटर वायू (सुमारे १.९६ ग्रॅम) असेल तर त्याला एक आकारमान म्हणतात. २० अंशांत आंबलेल्या बीअरमध्ये ०.८५ आकारमान आधीच उरलेला असतो. नेहमीच्या एलला २.४ हवा असल्यास १.५५ ची भर पडली पाहिजे. म्हणजे लिटरला सुमारे ६ ग्रॅम, २० लिटरला १२० ग्रॅमच्या आत-बाहेर. ही साखर पाण्यात उकळून एकत्रित बीअरमध्ये घालणे इष्ट. चमच्याने बाटलीगणिक घातल्यास एक बाटली निपचित, दुसरी फसफसणारी निघते.

उरलेला वायू कोणत्या तापमानाचा धरावा, यात दुमत आहे. काही तक्ते भरतानाचे तापमान घेतात. निवळण्यासाठी ४ अंशांवर ठेवलेली बीअर त्या हिशेबाने सुमारे १.४५ आकारमानाची ठरते आणि साखर लिटरला ३.६ ग्रॅमवर येते. पण आधी २० अंशांवर निसटून गेलेला वायू थंडीने परत येत नाही. म्हणून किण्वनोत्तर सर्वोच्च तापमान धरणे अधिक सयुक्तिक.

बाटलीतला धोकादायक दाब जास्त साखरेपेक्षा अपुऱ्या किण्वनाने अधिक वाढतो. गुरुत्वाचा प्रत्येक ०.००१ अंश बाटलीत उतरला, तर सुमारे अर्धा आकारमान वायू तयार होतो. १.०१६ ला घाईने भरलेली व वर साखर घातलेली बीअर १.०१२ पर्यंत उतरली, तर ४.४ आकारमान होते; साधी बाटली तेथे फुटू शकते. ‘डायास्टॅटिकस’ हा यीस्टचा प्रकार अँड्र्यूज व गिलिलंड यांनी १९५२ मध्ये वर्णिला. तो सामान्य यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनांचेही (पिष्टाच्या अर्धवट तुटलेल्या तुकड्यांचेही) विघटन करतो, त्यामुळे स्थिर वाटलेले गुरुत्वही नंतर घसरते.

भरलेल्या बाटल्या २० अंशांवर दोन ते तीन आठवडे ठेवतात. सोबत एक प्लॅस्टिकची बाटली भरली, तर ती दाबून आतला ताण हाताला कळतो.

दोष : लोण्याचा वास डायअॅसिटिलचा, घाईने थंड केल्यास तो राहतो, यीस्टला दोन दिवस उबेत ठेवल्यास जातो. हिरव्या सफरचंदाचा वास अॅसिटाल्डिहाइडचा, बहुधा अपुऱ्या मुदतीचा. औषधी वास क्लोरीनयुक्त पाण्यातून येतो. बाटली भरताना नळी तळाशी न टेकवता वरून धार सोडल्यास हवा मिसळते आणि काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्याची चव येते. उन्हात ठेवलेल्या बीअरमध्ये प्रकाशामुळे हॉपच्या घटकांपासून उग्र वासाचे गंधकयुक्त संयुग तयार होते. तपकिरी काच ते बऱ्याच अंशी रोखते, हिरवी काच फारसे रोखत नाही.