खाण्यात चोखंदळ मुलांचा शाळेचा डबा
(भाजणी, मेतकूट आणि चटण्यांच्या पाकिटांसोबत)

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आमच्याकडे भाजणीची मागणी वाढते आणि तिच्यासोबत एक ठरलेला प्रश्न येतो: "आमची मुलगी फक्त तूप-साखर-पोळी खाते. डब्यात दुसरं काय देऊ?" दुकानातल्या गर्दीत याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

पहिली गोष्ट, डब्यात नवा पदार्थ देऊ नका. आमचासुद्धा नको. छोटी सुट्टी असते दहा-पंधरा मिनिटांची. हात धुवायचे, झाकण उघडायचं, शेजाऱ्याशी बोलायचं, जमलं तर पळायचंही असतं. त्यात अनोळखी पदार्थाशी ओळख करून घ्यायला कुणाला सवड आहे? शिवाय शेजारचं मूल "ई, हे काय आणलंस?" म्हणालं की तो पदार्थ कायमचा बाद. नवी चव घरी, संध्याकाळी, भूक लागलेली असताना, आपल्याच ताटातून घासभर द्यावी. ती आवडू लागली की एकदा गार करून खायला द्या. तव्यावरचं थालीपीठ चाटूनपुसून खाणारं मूल तेच थालीपीठ गार झाल्यावर ओळखही दाखवत नाही. गार खाल्लं, तरच डब्यात.

नव्या खाण्याला बिचकणं साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात सगळ्यात जास्त असतं. एखादी चव अंगवळणी पडायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते, असं बालआहाराचे जाणकार सांगतात. आपण दुसऱ्या नकारालाच "त्याला आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळे होतो.

एका वेळी एकच बदल

तूप-साखर-पोळी खाणाऱ्या मुलीला एकदम मेथीची भाजी देऊन चालत नाही. साखरेच्या जागी किसलेला गूळ घाला. तो रुळला की गुळात चमचाभर दाण्याचं कूट मिसळा, मग थोडे भाजलेले तीळ. पोळी तीच, गुंडाळी तीच, फक्त आतलं हळूहळू बदललं. तिखटाकडे वळायचं असेल तर तुपात कालवलेलं मेतकूट पोळीला लावा. मेतकुटातल्या डाळी भाजलेल्या असतात, त्यामुळे ते कच्चट लागत नाही.

डोसा आवडणाऱ्यांची वाट वेगळी: साधा डोसा, मग आंबोळी, मग भाजणीचं पातळ धिरडं, आणि शेवटी थालीपीठ. नाचणी आणायची असेल तर घावनाच्या पिठात आधी दोनच चमचे घाला. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणून दूध नाकारणाऱ्या मुलांच्या घरी ती असावी. पण रंग गडद होतो आणि मुलांना तो लगेच कळतो, म्हणून प्रमाण सावकाश वाढवा.

भाज्या लपवून घालाव्यात का, असंही विचारतात. आमचं मत विरोधी आहे. पोळीत चोरून घातलेला पालक एकदा सापडला की मूल पोळीकडेच संशयाने बघू लागतं, आणि अनेक घरांत तेवढी एक पोळीच काय ती बिनतक्रार जात असते. पालक घाला, पण "आज हिरवी पोळी" असं सांगून घाला.

गार थालीपीठ मऊ राहावं म्हणून

भाजणी कोमट पाण्यात भिजवा आणि वाटीभर पिठाला चमचाभर तेलाचं मोहन घाला. किसलेला दुधी किंवा उकडलेला बटाटा घातला तर दुपारपर्यंत चिवटपणा येत नाही. लहान हातांसाठी थालीपीठ पुरीएवढं थापा, मंद आंचेवर झाकण ठेवून भाजा आणि जाळीवर गार होऊ द्या. गरमच डब्यात भरलं की वाफेचं पाणी होतं आणि खालची बाजू लिबलिबीत होते. पोळीचंही तसंच. परत आलेल्या डब्यांतला बराच दोष चवीचा नसतो, या ओलीचा असतो.

दही-भात देताना दूधच जास्त घाला. भात कोमट झाला की दूध आणि जेमतेम चमचाभर दही कालवा, मोठ्या सुट्टीपर्यंत ते बेताचं विरजतं. सकाळीच भरपूर दही घातलं तर दुपारी भात आंबट लागतो.

काही मुलांना भाजीचा रस पोळीला लागलेला खपत नाही. त्यात लाड वगैरे काही नाही, त्यांना तो ओलसर स्पर्शच सहन होत नाही. अशांसाठी खणांचा डबा घ्या किंवा आत वेगळी डबी ठेवा. झाकण मुलाला स्वतः उघडता येतं का, ते घरी बघा. घट्ट क्लिपचे डबे न उघडताच परत येतात आणि बोलणी आईच्या स्वयंपाकाला बसतात. द्यायचंही थोडंच: अर्धी पोळी संपवलेली बरी, दोन पोळ्या परत आलेल्या नकोत.

बऱ्याच बालवाड्यांमध्ये वारानुसार डब्याचा तक्ता असतो. पालेभाजीच्या वारी शाळेतल्या ताईंशी आधी बोलून घ्या. नेहमीच्या पोळीसोबत चमचाभर भाजी वेगळ्या डबीत दिली आणि ती खाल्लीच पाहिजे असा आग्रह धरला नाही, तर बहुतेक ताई समजून घेतात.

जपून

आमच्या चटण्यांत शेंगदाणे आणि तीळ आहेत, भाजणीत आणि मेतकुटात गहू आहे. ॲलर्जी असेल तर घेऊ नका. परदेशातल्या नातवंडांसाठी चटणी नेणाऱ्यांनी तिथल्या शाळेचा नियम आधी विचारावा, कारण अनेक शाळांत शेंगदाण्याला मनाई असते. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात. कूट चालेल, द्राक्षं उभी चिरून द्या.

मूल खात असलेले पदार्थ एकेक करून कमी होत असतील, वजन वाढत नसेल किंवा नुसत्या वासाने उमासे येत असतील, तर पाककृती शोधत न बसता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

भाजणी, मेतकूट आणि दाण्याची चटणी आम्ही 100 ग्रॅमच्या पाकिटातही देतो. आधी तेवढंच घ्या. घरी पसंत पडलं तर अर्धा किलो न्या. भाजणी हवाबंद डब्यात ठेवा, चटणीत ओला चमचा घालू नका. ऑर्डरचा नंबर पाकिटाच्या मागे छापला आहे. सकाळी डब्यांच्या घाईत फोन उचलला जात नाही, अकरानंतर करा.