उमेदवारीपासून रेसिडेन्सीपर्यंत : जनरल सर्जन घडवण्याच्या पद्धतीची पार्श्वभूमी

वैद्यकीय पदवी मिळाली म्हणून डॉक्टरांना रुग्णाचे पोट उघडण्याचा अधिकार मिळत नाही. जनरल सर्जन होण्यासाठी त्यांना पुढची काही वर्षे रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काढावी लागतात; अमेरिकेत हा काळ किमान पाच वर्षांचा आहे. आधी वरिष्ठांच्या शेजारी उभे राहून जखमेच्या कडा धरायच्या, मग टाके घालायचे, मग वरिष्ठ समोर असताना स्वतः छेद घ्यायचा, अशी जबाबदारी पायरीपायरीने वाढत जाते. ‘रेसिडेन्सी’ म्हणतात ती ही रचना फार प्राचीन वाटली तरी ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली. तिच्या मुळाशी असलेला पेच मात्र खरोखर जुना आहे: हात सरावलेला नसेल तर रुग्ण सुरक्षित नाही, आणि रुग्णाशिवाय हात पुरता सरावत नाही.

या पेचाचा स्पष्ट विचार सुश्रुतसंहितेत सापडतो. तिच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात सरावाला ‘योग्या’ असे नाव आहे आणि पुष्कळ ऐकलेला, पण योग्या न केलेला शिष्य प्रत्यक्ष कर्माला अपात्र ठरतो, असे तेथे बजावले आहे. छेद घेण्याचा सराव भोपळा, कलिंगड, काकडी यांवर, खरवडण्याचा केसाळ कातड्यावर, शलाकेने (बारीक सळईने) जखमेचा तळ शोधण्याचा किडीने पोखरलेल्या लाकडावर आणि पट्टी बांधण्याचा माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर करावा, असे त्यात सांगितले आहे. प्रत्येक क्रियेसाठी वेगळी वस्तू निवडण्यामागची बारकाई आजही थक्क करणारी आहे.

युरोपात शल्यकर्म दीर्घकाळ विद्यापीठांबाहेर राहिले. न्हावी-शल्यकारांच्या हाताखाली मुले वर्षानुवर्षे उमेदवारी करीत आणि गुरूचे कसब डोळ्यांनी टिपून घेत. इंग्लंडमध्ये १५४० साली आठव्या हेन्रीच्या काळात न्हावी आणि शल्यकार यांचा एक संघ झाला व शरीररचना शिकवण्यासाठी त्याला दरवर्षी फाशी दिलेल्या चार गुन्हेगारांची प्रेते मिळू लागली. १७४५ साली शल्यकार या संघातून वेगळे झाले. उमेदवारीतून उत्तम शल्यचिकित्सक निघालेच नाहीत असे नाही. सोळाव्या शतकातील फ्रान्सचे आंब्रोआझ पारे याच वाटेने आले. पण शिष्याचे शिक्षण सर्वस्वी गुरूच्या कुवतीवर अवलंबून होते आणि ते पुरे झाले की नाही हे तपासणारी समान कसोटी नव्हती.

१८४६ साली बॉस्टनमध्ये ईथरने भूल देण्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि १८६७ साली जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धतीवरील आपले काम प्रसिद्ध केले. त्यानंतर झटपट हात चालवण्यापेक्षा उतींना जपत, निगुतीने काम करणे महत्त्वाचे ठरले. हे कसब मुरायला वेळ लागतो. जर्मन भाषिक देशांत लांगेनबेक, बिलरोथ यांच्यासारख्या प्राध्यापकांचे सहायक वर्षानुवर्षे त्यांच्या विभागातच राहून तयार होत. अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी १८७८ ते १८८० या काळात ही पद्धत जवळून पाहिली आणि १८८९ साली बाल्टिमोरमध्ये उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्या धर्तीवर रेसिडेन्सी उभी केली. ‘रेसिडेंट’ हा शब्द तेथे अक्षरशः खरा होता, कारण शिकाऊ डॉक्टर रुग्णालयातच राहत. शिक्षणाची मुदत आधी ठरलेली नसे. अनेक सहायकांतून शेवटी एकच मुख्य निवासी शल्यचिकित्सक होई आणि त्याच्यावर जवळजवळ स्वतंत्र जबाबदारी पडे. तीन दशकांहून अधिक काळात या पदापर्यंत अवघे १७ जण पोचले.

वर निमुळता होत जाणारा हा मनोरा उंच होता, पण निर्दयही होता. कारण मधल्या पायऱ्यांवरच्या अनेकांना अर्धवट शिक्षण घेऊन बाहेर पडावे लागे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात शल्यचिकित्सक एडवर्ड चर्चिल यांनी त्याऐवजी प्रवेश मिळालेल्या बहुतेकांना शेवटपर्यंत नेणारी आयताकृती रचना आणली. माझ्या मते आजच्या प्रशिक्षणावर हॉलस्टेड यांच्याइतकेच चर्चिल यांचेही ऋण आहे, आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते. १९३७ साली अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरी स्थापन झाल्यावर एका रुग्णालयाच्या मताबाहेरची समान परीक्षाही आली.

रुग्णालयातच राहण्याच्या या परंपरेला पुढे मर्यादा घालावी लागली. थकलेल्या डॉक्टरांमुळे रुग्णाला पोचणाऱ्या धोक्याची चर्चा वाढल्यानंतर अमेरिकेत २००३ पासून निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला सरासरी ८० तासांपुरते मर्यादित झाले. युरोपीय संघात ही मर्यादा ४८ तासांची आहे. शस्त्रक्रियागृहातला वेळ त्यामुळे आटला, आणि त्याआधीच, १९८५ साली जर्मन सर्जन एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यापासून, शिकायची कौशल्येही वाढली होती.

म्हणून सराव पुन्हा रुग्णापासून दूर नेण्यात आला. एका बंद पेटीत दोन लांब चिमटे घालून, नजर समोरच्या पडद्यावर ठेवून, सहा छोट्या कड्या एका हातातून दुसऱ्या हातात अधांतरी देत खुंट्यांवर चढवायच्या, आणि तेही घड्याळ लावून, असा एक सराव आज शिकाऊ सर्जन करतात. २०२३ पासून अमेरिकन बोर्डाने त्यापुढचे पाऊल टाकले आहे. आता अपेंडिक्सच्या आजारासारख्या नेहमीच्या कामात शिकणाऱ्याला वरिष्ठांची किती मदत लागली याची नोंद वेळोवेळी केली जाते आणि पुढच्या वेळी किती मोकळीक द्यायची हे ठरवताना ती हाताशी असते.